उतरतें वजन थांबतें तेव्हां
(आकाशवाणीवरील भाषण)

दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांतली गोष्ट सांगतों. सकाळची वेळ होती. माझा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. वय पंचेचाळिशीच्या आंतबाहेर. आमच्या परभणी जिल्ह्यांतच एका तालुक्याच्या गांवीं त्याचें बी-बियाणांचें दुकान आहे. आठ महिन्यांपूर्वीं त्यानें पुण्यास जाऊन, कर्ज काढून, वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली होती. १२८ किलोंचा हा गृहस्थ ९६ किलोंवर आला होता. तेव्हां तो आनंदांत असेल असें मला वाटलें. परंतु त्याचा चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, "गुरुजी, माझे पैसे पाण्यांत गेले. सात आठवडे झाले, कांटा ९६ वरून हलत नाहीं. लोक हंसूं लागले. आतां मीं जेवणच सोडून दिलें आहे." एवढें बोलून तो उठूं लागला आणि घेरी येऊन खांबाला धरून खालीं बसला.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना गणित आणि भूगोल शिकविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु त्या दिवशीं त्याला घेऊन दवाखान्यांत जावें लागलें. पुढें त्याच्या शल्यचिकित्सकांशीं व आहारतज्ज्ञ बाईंशीं बोलण्याचा प्रसंग आला. आणि शिक्षकाला न समजलेली गोष्ट स्वस्थ बसूं देत नाहीं म्हणून जें वाचावयास मिळालें तें वाचलें. त्यांतून जें नीट समजलें तेवढेंच आज आपल्यापुढें मांडणार आहें. ही शस्त्रक्रिया हल्लीं खेड्यापाड्यांतील माणसेंही करवून घेऊं लागलीं आहेत. ती झाल्यावर उतरतें वजन मध्येंच कां थांबतें, आणि थांबल्यावर काय करावें व काय करूं नये, हें घरांतील माणसांनाही ठाऊक असणें अवश्य आहे.

प्रथम शस्त्रक्रियेविषयीं दोन शब्द. तिला बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ग्रीक भाषेंत 'बॅरॉस' म्हणजे भार आणि 'इआट्रॉस' म्हणजे वैद्य. त्यावरून हें नांव बनलें. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली, आणि तेथून या शास्त्राला खरी गति मिळाली. सांप्रत मुख्यत्वें दोन प्रकार केले जातात. एकांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी ठेवतात. तिला स्लीव्ह, म्हणजे बाही, असें नांव आहे. दुसऱ्या प्रकारांत जठराच्या वरच्या टोंकाशीं सुमारें तीस मिलिलिटरची चिमुकली पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आंतड्याला पुढच्या भागीं जोडतात. अन्न मग उरलेल्या जठराला व आंतड्याच्या आरंभींच्या भागाला वळसा घालून जातें. हाच गॅस्ट्रिक बायपास.

ही शस्त्रक्रिया रूपासाठीं नसते. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो त्यावरून तिची आवश्यकता प्रथम पाहतात. माझ्या विद्यार्थ्याची उंची १.७ मीटर. १.७ चा वर्ग २.८९. १२८ ला २.८९ नें भागलें तर सुमारें ४४ येतात. आशियांतील लोकांच्या बाबतींत २५ च्या पुढें स्थूलता मानावी व २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करण्यास हरकत नाहीं, असें शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीं २०२२ सालीं ठरविलें. यावरून ४४ हा आंकडा केवढा मोठा, हें ध्यानांत येईल. त्याला मधुमेह होता, गुडघे गेले होते, रात्रीं झोंपेंत श्वास अडकत असे. त्यानें शस्त्रक्रिया करवून घेतली यांत कांहीं चूक झाली नव्हती.

आतां वजन उतरतें तें केवळ पोट लहान झाल्यामुळें, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जपानमधील कोजिमा व कांगावा या शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं घ्रेलिन नांवाच्या एका द्रव्याचा शोध लावला. तें मेंदूला भुकेची वर्दी देतें, आणि तें मुख्यत्वें जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतें. स्लीव्ह शस्त्रक्रियेंत नेमका हाच भाग काढला जातो. म्हणून भूकच कमी होते. शिवाय अन्न आंतड्यांत लवकर पोंचल्यामुळें तेथून तृप्तीची वर्दी देणारीं द्रव्यें अधिक सुटतात. अशा रीतीनें पहिले सहा महिने वजन झपाट्यानें उतरतें, नंतर तें सावकाश उतरतें, आणि बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास, क्वचित् दोन वर्षांनीं, स्थिर होतें.

परंतु हा उतार एकसारखा नसतो. बालाघाटच्या डोंगरावरून गंगाखेडकडे गोदावरीच्या खोऱ्यांत उतरणारा वाटसरू सारखाच खालीं जात नाहीं. कांहीं अंतर उतरतो, मग सपाटी लागते, मग पुन्हां उतार. सपाटीवर चालतांना आपण उतरत नाहीं म्हणून वाट चुकली असें कोणी म्हणत नाहीं. वजनाच्या या सपाटीलाही शास्त्रांत पठार असेंच म्हणतात. हें पठार निरनिराळ्या कारणांनीं येतें, आणि कारण ओळखल्यावांचून उपाय करणें म्हणजे प्रश्न न वाचतां उत्तर लिहिण्यासारखें आहे.

पहिलें कारण पाण्याचें. तराजू चरबी तोलत नाहीं. तो सगळें शरीर तोलतो. आपल्या यकृतांत व स्नायूंत मिळून चारपांचशें ग्रॅम ग्लायकोजेन नांवाची साखर सांठविलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारें तीन ग्रॅम पाणी राहतें. शस्त्रक्रियेनंतर खाणें एकदम घटलें कीं प्रथम ही सांठवण खर्च होते व तिच्याबरोबर पाणीही जातें. दोन किलो वजन अशा रीतीनेंच चटकन उतरतें. पुढें दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यांत शरीर ही सांठवण थोडीशी पुन्हां भरूं लागतें. त्या वेळीं आंत चरबी जळत असते, परंतु तेवढ्याच भाराचें पाणी भरत असतें. म्हणून कांटा थांबतो. तिसऱ्या आठवड्यांतलें हें थांबणें इतकें सामान्य आहे कीं त्याची चिंता करूं नये. खारट खाणें, बद्धकोष्ठ, स्त्रियांची मासिक पाळी यांनींही किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. तीनचार आठवडे वजन व कंबर हीं दोन्हीं जागच्या जागीं राहिलीं तरच त्याला पठार म्हणावें.

दुसरें कारण खोल आहे. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि शाळेंत मिळणारी सुकडी यांची चव मला अजून आठवते. खडी फोडून घरीं आलेलीं मोठीं माणसें सांवलींत निपचित पडून राहात, बोलणेंसुद्धां मोजकें. आम्हां मुलांना तो आळस वाटे. तो आळस नव्हता. शरीराची ती काटकसर होती. घरांत मिळकत घटली कीं शहाणी गृहिणी आधीं खर्च कमी करते आणि मग सांठवणीला हात लावते. शरीर हेंच करतें. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत डॉ. अँसेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटीं ठेवून याची परीक्षा पाहिली. त्यांचें वजन सुमारें एक-चतुर्थांश घटलें. परंतु स्वस्थ पडलें असतां शरीर जें इंधन जाळतें त्याचें मान सुमारें चाळीस टक्क्यांनीं उतरलें. नाडी मंद झाली, अंग गार पडूं लागलें, आणि अन्नावांचून दुसरा विचार सुचेनासा झाला. पुढें १९९५ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील लायबेल, रोझेनबाउम व हर्श यांनीं दाखवून दिलें कीं, दहा टक्के वजन घटविलेल्या माणसाचा उष्मांकांचा खर्च केवळ शरीर लहान झाल्यानें जितका घटावा त्याहूनही अधिक घटतो.

याचा अर्थ असा कीं, शस्त्रक्रिया आणि दुष्काळ यांतील भेद शरीराला कळत नाहीं. धन्याची सांठवण संपत चालली एवढेंच तें जाणतें आणि दार ओढून घेतें. शस्त्रक्रियेमुळें भूक आवरते, ही मोठी सोय झाली. परंतु काटकसरीची ही जुनी संवय संवयच राहते. माझ्या विद्यार्थ्यानें कांटा थांबल्यावर जेवण सोडलें, म्हणजे दुष्काळांत आणखी दुष्काळ घातला. शरीर अधिकच हात आंखडणार, हें ओघानेंच आलें.

तिसरें कारण साध्या गणिताचें आहे. तो ३२ किलो उतरला होता. दुकानांतील ३२ किलोंचें पोतें पाठीवर बांधून तो आठ महिन्यांपूर्वीं उठत होता, बसत होता, जिना चढत होता. सपाटीवर चालतांना दर किलो वजनामागें दर किलोमीटरला ढोबळमानानें अर्धा उष्मांक जास्त खर्चतो. म्हणजे चार किलोमीटर चालण्यास १२८ किलोंच्या माणसाला सुमारें २५६ उष्मांक लागत. ९६ किलोंच्या माणसाला तेच चालणें १९२ उष्मांकांत होतें. पोतें खालीं ठेवलें कीं हमाली कमीच मिळणार. पूर्वीं ज्या आहारावर वजन उतरत होतें त्याच आहारावर तें आतां स्थिर राहूं लागलें, यांत नवल तें काय?

चौथें कारण स्नायूंचें. घटलेलें वजन सगळें चरबीचेंच असतें असें नाहीं. प्रथिनें कमी पडलीं आणि अंगाला काम नसलें तर शरीर स्नायूही मोडून खातें. स्नायू हे स्वस्थ बसले असतांही इंधन जाळतात. ते घटले कीं खर्च आणखी घटतो. आम्हां भारतीयांना हें विशेष जपावें लागतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ डॉ. जॉन यडकिन यांच्यासमवेत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत एक गमतीचें उदाहरण छापलें. दोघांचा वजन-उंचीचा आंकडा अगदीं सारखा, २२.३. परंतु यडकिनसाहेबांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के! वरून सडपातळ आणि आंतून चरबीदार अशी आपली घडण असते. तेव्हां केवळ कांट्याकडे पाहून स्नायू गमावणें हा आपल्यासाठीं आंतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आतां माझ्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें तें ऐका. दवाखान्यांत त्याची रक्तशर्करा पाहिली तेव्हां ती धोक्याच्या रेषेच्या खालीं गेलेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनीं बोलाविलेल्या तारखा त्यानें दुकानाच्या हंगामांत चुकविल्या होत्या, आणि मधुमेहाची जुनी गोळी जुन्याच प्रमाणांत चालू होती. पोटांत अन्न नाहीं आणि वर साखर उतरविणारी गोळी! त्या दिवशीं तो मोटारसायकलवरून आला होता. वाटेंत घेरी आली असती तर हें भाषण करण्याची मला छाती झाली नसती. डॉक्टरांनीं ती गोळी बंद केली. त्या जातीच्या गोळ्यांनीं वजन वाढण्याकडे कल होतो, हेंही तेव्हांच समजलें. इन्शुलिन, स्टेरॉइड, मानसिक आजारावरील कांहीं औषधें यांचाही असा परिणाम होतो. थायरॉइड ग्रंथि मंदावली तरी वजन थांबतें. म्हणून पठार आलें कीं पहिलें काम डॉक्टरांची भेट व रक्ताची तपासणी. औषध मात्र स्वतःच्या मनानें वाढवूं नये, कमी करूं नये, सोडूं नये.

दुसरें काम वहीचें. आहारतज्ज्ञ बाईंनीं त्याला सांगितलें कीं, आठ दिवस तोंडांत जें जाईल तें सगळें लिहून काढा. तो म्हणाला, "बाई, मी कांहीं खातच नाहीं, काय लिहूं?" वही भरली तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. उपास सोडल्यावरचें त्याचें नेहमींचें जेवण खरोखरच अर्धी भाकरी आणि वरणाचें पाणी एवढेंच होतें. परंतु दुकानांत येईल त्या गिऱ्हाइकासोबत चहा होता. दिवसाचे सहा कप. एका कपांत दोन चमचे साखर व थोडें दूध धरलें तर सुमारें सत्तर उष्मांक होतात. सहा कपांचे ४२०. म्हणजे दोन भाकरींचे उष्मांक तो नुसते पीत होता, आणि पोटाला त्याची दादही नव्हती. चहांत बुडविलेलीं बिस्किटें, येतां-जातां तोंडांत टाकलेला चिवडा, फरसाण, हे पदार्थ त्या अरुंद नळींतून सहज घसरतात. डाळ, अंडें, पनीर हे जड पडतात, म्हणून मनुष्य नकळत ते टाळतो आणि घसरणारे पदार्थ निवडतो. प्रथिनांची बेरीज केली तर ती दिवसाला पंचवीस ग्रॅमही भरेना. या शस्त्रक्रियेनंतर निदान साठ ग्रॅम तरी हवींत.

साठ ग्रॅम प्रथिनें आपल्या घरांत मिळतात काय? हिशेब करून पाहूं. दोन अंडीं, १२ ग्रॅम. पावशेराहून कमी, म्हणजे दोनशें मिलिलिटर दूध, ६. तीस ग्रॅम डाळीचें घट्ट वरण, ७. अर्धी भाकरी, ३. तीस ग्रॅम फुटाणे, नीट चावून, ६. तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या भिजवून केलेली भाजी, १५. पन्नास ग्रॅम पनीर, ९. वाटीभर दहीं, ३. बेरीज ६१. सोयाबीन तर आमच्या जिल्ह्याच्या शिवारांत पिकतें; आम्ही तें बाजारांत विकतों आणि घरीं शिजवीत नाहीं. एका बैठकींत हें सगळें मावणार नाहीं, म्हणून पांचसहा लहान जेवणें करावीं. ताटांत प्रथम प्रथिनाचा पदार्थ खावा, मग भाजी, आणि शेवटीं जागा उरली तर भाकरी. जेवतांना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊं नये. इतर वेळीं घोटघोट करून दिवसांत निदान दीड लिटर पोटांत जावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवण्याचा मार्ग मराठवाड्यांत घरोघरीं पोंचविला. त्याच्या गुणदोषांची चर्चा आज कर्तव्य नाहीं. परंतु माझ्या विद्यार्थ्यानें शेजाऱ्याचें ऐकून तोही मार्ग मध्यंतरीं धरला होता. ज्याचें जठर बाहीएवढेंच उरलें आहे त्याच्या दोन जेवणांत साठ ग्रॅम प्रथिनें मावणार कशीं? निरोग्याचा नियम शस्त्रक्रिया झालेल्यानें डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या अंगाला लावूं नये.

ज्वारीविषयींही सांगतों. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं 'परभणी शक्ति' नांवाचें ज्वारीचें वाण दिलें. त्यांत लोह व जस्त यांचें प्रमाण अधिक आहे. भाकरी खावयाचीच तर अशी खावी, हें बरें. परंतु या शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांचें शोषण किंवा पुरवठा कमी पडतो, आणि ती उणीव भाकरीनें भरून निघत नाहीं. डॉक्टरांनीं दिलेल्या त्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. अंगांत त्राण नसलेला मनुष्य हिंडत-फिरत नाहीं, आणि न हिंडणाऱ्याचें पठार लांबतें.

तिसरें काम अंगमेहनतीचें. आठवड्याला निदान दीडशें मिनिटें झपझप चालावें. परंतु नुसतें चालणें पुरें नाहीं. स्नायू राखावयाचे तर त्यांना भार हवा. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर त्यानें खुर्चीला धरून उठाबशा सुरूं केल्या. हंसत म्हणाला, "गुरुजी, लहानपणीं तुम्हीं शिक्षा म्हणून काढायला लावल्या, त्या आतां उपयोगीं पडल्या." भिंतीला हात टेंकून जोर, पाण्यानें भरलेल्या बाटल्या उचलणें, हें घरच्या घरीं होण्यासारखें आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत जड उचलूं नये. टांक्यांच्या जागीं अंतर्गळ होण्याची भीति असते. झोंपही सात तासांची हवी. जागरणानें भूक वाढते, हें प्रत्येक घरचें जागरण-गोंधळ सांगेल.

चौथें काम मोजण्याचें. रोज कांट्यावर चढणें बंद करावें. आठवड्यांतून एक ठराविक वार, सकाळीं शौचानंतर, अनशापोटीं, त्याच कांट्यावर वजन पाहावें, आणि महिन्यांतून दोनदां बेंबीच्या पातळीवर सुतळीनें कंबर मोजावी. माझ्या विद्यार्थ्याचें वजन नव्या आहाराच्या पहिल्या तीन आठवड्यांत ९६ वरून ९५ झालें, एवढेंच. पण सुतळी दीड इंचानें ढिली झाली, आणि तो न थांबता जिना चढूं लागला. चरबी गेली होती व स्नायू टिकले होते. कांट्याला हें सांगतां येत नाहीं. सुतळीला सांगतां येतें.

आतां काय करूं नये तें थोडक्यांत. उपास करूं नये. जुलाबाचीं औषधें व जाहिरातींतले वजन उतरविण्याचे काढे घेऊं नयेत. दारू टाळावी, या शस्त्रक्रियेनंतर ती रक्तांत लवकर व अधिक चढते आणि तिचे उष्मांकही मोठे असतात. गुडघा दुखला म्हणून किराणा दुकानांतून वेदनाशामक गोळी आणण्याची आपल्याकडे रीत आहे. शस्त्रक्रिया झालेल्याला, विशेषतः बायपास झालेल्याला, तिनें व्रण होऊं शकतो. तंबाखूचेंही तेंच. आणि सतत ओकाऱ्या होणें, पाणीही न ठरणें, पोटांत तीव्र कळा, काळें शौच, हातापायांना मुंग्या, एकाच्या जागीं दोन दिसणें, चालतांना तोल जाणें, यांपैकीं कांहींही झालें तर पठाराचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. सततच्या ओकाऱ्यांनीं ब-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला कायमची इजा होऊं शकते. वजन नुसतें न थांबतां नीचांकावरून कांहीं किलो परत वाढलें तरीही गेलें पाहिजे. पिशवी ताणली गेली आहे काय, जोड नीट आहे काय, हें त्यांनाच पाहतां येतें. भूक व तृप्ति यांवर काम करणारीं सेमॅग्लुटाइडसारखीं इंजेक्शनेंही हल्लीं निघालीं आहेत. तीं कोणाला द्यावींत हें ठरविणें मात्र डॉक्टरांचें काम.

शेवटीं जी गोष्ट सर्वांत कठीण, ती सांगतों. हे सगळे उपाय केल्यावर त्याचें वजन पुन्हां उतरूं लागलें. ९६ चें ९३, ९०. आणि सोळाव्या महिन्यांत ८८ वर येऊन तें थांबलें. यावेळीं वहींत दोष नव्हता, रक्तांत दोष नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, मला ७० व्हायचें होतें." मीं त्याला पाटीवर त्रैराशिक मांडून दाखविलें. १२८ पैकीं ४० उतरले, म्हणजे सुमारें ३१ टक्के. स्वीडन देशांत १९८७ पासून हजारों शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या स्थूल माणसांची नोंद ठेवली गेली. तींत बायपास झालेल्यांचें वजन एक-दोन वर्षांत सरासरीनें ३२ टक्क्यांपर्यंत उतरलें आणि दहा वर्षांनंतर २५ टक्के उतरलेलें टिकलें. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचें प्रमाण, वय वगैरे भेद जमेस धरून, शस्त्रक्रिया न झालेल्यांहून सुमारें २९ टक्क्यांनीं कमी आढळलें. म्हणजे दहा वर्षांत थोडें वजन परत येऊनही आयुष्याचा लाभ बुडाला नाहीं.

आपल्याकडचें उदाहरण हवें तर नागपूरचे श्री. नितिन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईस ही शस्त्रक्रिया करवून घेतली. पुढें २०२२ सालीं उज्जैन येथें बोलतांना, आपलें वजन पूर्वीं १३५ किलो होतें तें आतां ९३ आहे, असें त्यांनीं स्वतः सांगितलें. हाही हिशेब ३१ टक्क्यांचाच होतो. ते काडीसारखे झाले नाहींत. त्यांचें काम मात्र थांबलें नाहीं.

मधलें पठार आणि शेवटचें पठार यांत भेद आहे. मधल्या पठारावर वाट शोधावी लागते. शेवटचें पठार हें मुक्कामाचें गांव असतें. तेथें राहुटी ठोकून राहणें, वर न चढणें, हाच विजय. माझ्या विद्यार्थ्याची मधुमेहाची गोळी सुटली ती सुटलीच. झोंपेंत श्वास अडकत नाहीं. गेल्या आषाढांत तो आपल्या आईला घेऊन पंढरपुरास जाऊन आला आणि वारीच्या वाटेवर दोन मजला पायीं चालला. ही गोष्ट ७० च्या आंकड्यानें अधिक गोड झाली असती, असें मला वाटत नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरांत, आळींत असा कोणी असेल तर त्याला भेटल्याबरोबर "आतां किती झालें?" असें विचारूं नका. त्यापेक्षां त्याच्यापुढें साखरेचा चहा ठेवण्याचा आग्रह आवरा, आणि संध्याकाळीं त्याच्याबरोबर चार पावलें चाला. माझा विद्यार्थी उपासानें घेरी येऊन पडला तो केवळ कांट्याच्या भयानें नव्हे. लोकांच्या हंसण्याच्या भयानेंही. वजन थांबलें तर शरीर आपलें काम करीत असतें. आपण आपलें काम करावें.